सुंद्राक्कांची धाकटी

माझ्या हातून आयुष्यात ज्या चुका झाल्या त्यांतल्या निम्म्या तोंडाने झाल्या आणि उरलेल्या चांगल्या हस्ताक्षराने. तोंडाची आधी सांगतो.

मोठा दुष्काळ पडला त्याच्या आदल्या साली आमच्या कंपनीने मला तीन महिने नागपूरला धाडलं होतं. तिथल्या एका कारखान्यात आमची यंत्रं बसायची होती आणि त्यांचे नकाशे सांभाळायला ड्रॉइंग ऑफिसातला कुणीतरी बिनकामाचा माणूस हवा होता. ती निवड बिनविरोध झाली. परत आलो तो रविवार होता. कासारवाडी स्टेशनात उतरलो, एका हातात ट्रंक आणि दुसऱ्या हातात संत्र्याच्या बर्फीचा पुडा. आम्ही भाड्याने राहत होतो ती पत्र्याच्या खोल्यांची ओळ दिसायला लागली, तसं घरमालकांच्या ओट्यावर बायका जमलेल्या दिसल्या. मधोमध मालकीणबाई सुंद्राक्का भिंतीला टेकून बसलेल्या. त्यांच्याशेजारी त्यांची लग्न झालेली एकुलती एक लेक कमळ. आणि कमळच्या मांडीवर आठ-दहा दिवसांचं बाळ, लाल आणि सुरकुतलेलं.

कमळला तळवड्याला दिलं होतं. लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं, हे आमच्या ओळीतल्या दहाही बिऱ्हाडांना ठाऊक होतं. मला मनापासून आनंद झाला, आणि मला आनंद झाला की मी बोलतो.

"अगं कमळ, कळवायचं तरी! मुलगा की मुलगी?" मी बर्फीचा पुडा तिच्या हातात कोंबला. "नऊ वर्षांचे पेढे आता एकदम वसूल करणार आम्ही तळवडेकरांकडून!"

समोर आमच्या खिडकीत आमची सौ. हातातली पळी जोरजोराने हलवत होती. मला वाटलं, चहा टाकलाय असं सांगतेय. कमळने पुडा खाली ठेवला, बाळ उचलून आईच्या मांडीवर दिलं आणि मान खाली घालून ती गोठ्याच्या बाजूला निघून गेली. तेव्हा कुठे मला दिसलं की कानांवरून फडकं बांधलंय ते सुंद्राक्कांनी, कमळने नव्हे.

"माजी हाय ती," सुंद्राक्का म्हणाल्या. बेचाळीस वर्षांची ती बाई नव्या नवरीसारखी पदराशी चाळा करत होती. मग माझीच दया आल्यासारखं म्हणाल्या, "बसा सायेब, लांबून आलायसा. बर्फी कशाची म्हनायची ही?"

नकाशातली रेघ केसभर सरकली तरी मला दिसते, अशी ऑफिसात माझी ख्याती होती. घराच्या समोर राहणारी, रोज सकाळी आम्हाला दूध घालणारी बाई सहा महिन्यांची गरोदर असताना मी नागपूरला गेलो होतो आणि मला काहीही दिसलं नव्हतं. नऊवारी लुगडं आणि वरून ओढून घेतलेला पदर, यात ते जगापासून लपलं असेल असं मी म्हणालो, तर सौ. म्हणाली, "जगापासून नाही, तुमच्यापासून." तिने पत्रातही एका शब्दाने कळवलं नव्हतं. असल्या गोष्टी पत्रात लिहीत नाहीत म्हणे.

एक खूण खरं तर माझ्या हातातून रोज जात होती. जायच्या आधी महिनाभर सौ. मला कंपनीच्या कॅन्टीनमधून डब्यात चार इडल्या आणायला सांगायची. "मला लागतात असं समजा," एवढंच बोलायची. मी बोटांवर महिने मोजून बघितले, आमच्या दोन वर्षांच्या मीनलला भावंड येणार म्हणून गाडीत बसून नावंसुद्धा ठरवली. त्या इडल्या सुंद्राक्कांच्या डोहाळ्याच्या होत्या. कधीतरी आमच्याकडे त्यांनी एक चाखली होती. आता जीव तिच्यात अडकला होता आणि ते सांगायची चोरी होती.

सुंद्राक्का तिथल्या जुन्या शेतकरी घरातल्या. कारखाने आले तशी त्यांची जमीन त्यांत गेली. उरलेल्या तुकड्यावर त्यांनी खोल्या बांधल्या, आणि त्यांचे मालक धोंडिबाअण्णा आमच्याच कंपनीत वॉचमन झाले. म्हणजे ज्या बांधावर ते लहानपणी गुरं हाकत होते तिथेच आता खाकी डगला घालून उभे राहायचे आणि मला सलाम करायचे. मला ते अवघड व्हायचं. सुंद्राक्कांना काही अवघड नव्हतं. त्यांनी कंपनी मनावर घेतलीच नव्हती. त्यांच्या डोळ्यांपुढे अजून शेतंच होती, आणि आम्ही सगळे त्यांच्या शेतांत कामाला जात होतो.

"सायेब, तुमी बसता कुठशी?" आम्ही राहायला आलो त्या आठवड्यात त्यांनी विचारलं होतं. फाटकातून आत गेल्यावर उजवीकडे, पाण्याच्या टाकीच्या मागे, असं मी सांगितलं.

"म्हंजी हुलग्याच्या पट्टीत. चांगली जागा हाय. गार असती."

पुढे आमचं ड्रॉइंग ऑफिस नव्या इमारतीत गेलं. मी मोठ्या ऐटीत सांगितलं की आता मी वरच्या मजल्यावर बसतो. त्यांनी बराच विचार केला आणि म्हणाल्या, "वर आमचं कायबी नव्हतं बगा."

घड्याळ त्यांच्या घरात नव्हतं. कंपनीचा भोंगा हेच घड्याळ. पहिल्या भोंग्याला धार, मधल्या भोंग्याला भाकरी, दुपारच्या पाळीचा भोंगा झाला की शेणी थापायला बसायच्या. कोणाची कधी कोणती पाळी आहे हे दहाही बिऱ्हाडांचं त्यांना पाठ. दूध घालताना माप भरून ओतायच्या, मग पुन्हा माप किंचित बुडवून एक शिंतोडा वर टाकायच्या आणि म्हणायच्या, "ह्ये मीनलचं." प्रत्येक दारात कुणाच्या ना कुणाच्या नावाने तो शिंतोडा असायचाच. आणि तोंडात एक शब्द कायम: "असू दे की." जमीन गेली, असू दे की, म्हस हाय. पत्रा उडाला, असू दे की, भिंती हायत्या. कमळच्या पाठीवर दोन मुलं झाली आणि दोन्ही पाचवी बघायच्या आत गेली, त्यालाही त्यांनी असू दे की म्हटलं होतं. कमळ आहे.

त्यानंतर वीस वर्षं काही नाही. त्यामुळे दिवस चुकले तेव्हा त्यांना वाटलं, आपलं ते वय सरलं. पाचव्या महिन्यात एका दुपारी, मी हुलग्याच्या पट्टीत असताना, त्या आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"बाई, पोटात कायतरी हालतंया. मला भास व्हतुया का खरंच हालतंया, जरा हात लावून बगा."

सौ.ने हात लावला. आतून लाथ बसली. सुंद्राक्का मटकन खाली बसल्या आणि एकाच वेळी हसायला आणि रडायला लागल्या. सौ. सांगते, तसं हसणं-रडणं तिने पुन्हा कधी पाहिलं नाही. मग त्यांनी तिचा हात धरून शपथ घातली. कुणाला बोलायचं नाही. "माजी लेक तिकडं रोज वांज म्हनून आयकून घेती, आन् हितं तिची आई पाळना बांधाय निगाली. मला कमळीफुडं उबं ऱ्हाता येईल का, सांगा."

खरं म्हणजे सगळा प्रश्न तेवढाच होता, आणि तो पुढे बारा महिने काय, बारा वर्षं तसाच राहिला.

मुलगी झाली. बारशाला नाव काय ठेवलं होतं ते आता कुणाच्याच लक्षात नसेल, कारण सुंद्राक्का तिला चिंगी म्हणायच्या. भोंगा झाला की बाकीची पोरं दचकून रडायची, ही झोपायची. "कंपनीवाल्यांची हाय," धोंडिबाअण्णा म्हणायचे. ते वर्षाकाठी दोनच वाक्यं बोलत, त्यांतलं हे एक. सुंद्राक्का तर दहा वर्षांनी लहान झाल्या. शेणी थापता थापता तोंडावर पदर घेऊन बुवा करायच्या, एकट्याच मोठ्याने हसायच्या. कुणी थट्टा केली तर म्हणायच्या, "म्हातारपनी दात आल्यावानी झालंया. कुनाला दावू आन् कुटं लपवू!"

लपवायचं होतं ते एकाच माणसापासून. कमळ पंधरा दिवसांनी का होईना तळवड्याहून यायची. ती लांबून रस्त्यावर दिसली की सुंद्राक्का अंगावर पाजत असलेलं मूल सोडवायच्या, चोळी नीट करायच्या आणि कमळ दारात येईतो चिंगी तिच्यापुढे धरायच्या. "घे बाय तुजी भन. मला दम न्हाई दिला सकाळपास्नं." आणि गोठ्यात निघून जायच्या. कमळ असेतो लेकीला पाजायच्या नाहीत. वाटीने म्हशीचं दूध कमळनेच पाजायचं. एकदा मी सुट्टीच्या दिवशी दाराशी दाढी करत होतो. घरात चिंगी भुकेने टाहो फोडत होती, कमळ वाटी-चमचा घेऊन तिला विनवत होती, आणि सुंद्राक्का गोठ्यात म्हशीच्या पोटाला कपाळ लावून बसल्या होत्या. म्हशीची धार केव्हाच काढून झाली होती. मला वाटलं, थकल्या असतील. मी सौ.ला तसं म्हटलंही. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "त्यांची चोळी भिजलीय. तुम्ही तोंड फिरवा आणि दाढी करा."

चिंगी सव्वा वर्षाची झाली, पावलं टाकायला लागली, आणि कमळ एक दिवस तिन्हीसांजेला पत्र्याची पेटी घेऊन माहेरी आली. सासूने चाकणकडची एक मुलगी बघून ठेवली होती. नवरा वाईट नव्हता, पण आईपुढे त्याचं काही चालत नव्हतं. दुसरी आणली तरी कमळला टाकणार नव्हते. गोठ्यामागची खोली तिला देणार होते.

चार दिवस त्या घरातून आवाज आला नाही. पाचव्या दिवशी मी कामावरून आलो तर सुंद्राक्का आमच्या दारात बसलेल्या. चिंगी त्यांच्या पायाशी आमच्या मीनलचा खुळखुळा चावत होती.

"सायेब, तुमचं अक्षार लई चांगलं हाय म्हनत्यात. येक कागुद लिवायचा हाय."

चिंगीला कमळच्या ओटीत घालायचं त्यांनी ठरवलं होतं. थोरल्या लेकीचा संसार धाकटीने राखायचा. घरातल्या घरातलीच पोर, रक्त तेच, म्हणून सासूनेही मान डोलावली होती.

आमची सौ. आतून भिजल्या हाताने बाहेर आली. "आक्का, कमळने मागितली का हो?"

"न्हाई," सुंद्राक्का म्हणाल्या. "मागितली आसती तर म्या न्हाई म्हनले आसते. चार दिस झालं, मागंना. पोरीकडं नुस्ती बगत बसती. मागंना म्हनून तर."

पुढच्या गुरुवारी सकाळी ओट्यावर घोंगडं अंथरलं. तळवड्याहून कमळची सासू, नवरा आणि त्यांच्या भावकीतले एक म्हातारे आले. मी पाट पुढ्यात घेऊन ऑफिसातली चांगली शाई आणि चांगलं निब घेऊन बसलो. आता सांगायची ती दुसरी चूक.

म्हातारे मजकूर सांगत होते, मी लिहीत होतो. अमुक यांची कन्या, वय वर्षं सव्वा, राजीखुशीने दिली. सासूने दोन गोष्टी घालायला लावल्या. पोर आई म्हणेल ती कमळला, सुंद्राबाईंना आजी म्हणेल, दुसरं काही कधी तिला कळू द्यायचं नाही. आणि वर्षभर सुंद्राबाईंनी तळवड्याला यायचं नाही, म्हणजे पोर रुळेल. सुंद्राक्का प्रत्येक वाक्याला "व्हय" म्हणत होत्या. असू दे की म्हणत नव्हत्या, एवढं माझ्या लक्षात आलं.

मजकूर संपला. खाली चार बोटं जागा उरली. आम्ही ड्राफ्ट्समन लोक नकाशाच्या तळाशी एक टीप लिहितो: या नकाशात कोणताही बदल करू नये. तशी टीप नसली की मला कागद उघडा वाटतो. कुणी सांगितलं नव्हतं, कुणाला सुचलंही नसतं. मी आपण होऊन, ठसठशीत अक्षरात, खाली रेघ मारून लिहिलं: "वरील मजकुरात पुढे बदल होणार नाही. मूल कोणत्याही कारणाने परत मागता येणार नाही."

आणि वाचून दाखवलं. सासूने ती ओळ दोनदा वाचायला लावली. "शिकल्यालं मानूस निराळंच," ती म्हणाली. मला, सांगायला लाज वाटते, बरं वाटलं.

धोंडिबाअण्णांनी अंगठा दिला. सुंद्राक्कांचा अंगठा उमटेना. शाई लागायची, पण कागदावर नुसता डाग. रेघा नाहीत. दोनदा पुसून झालं. "शेनानं घासलाय वो, सायेब," त्या म्हणाल्या, "त्यात आता कायबी न्हाई ऱ्हायलं." मग मी त्यांचा अंगठा माझ्या दोन बोटांत धरून दाबला. लाकडासारखा कडक होता. तिसऱ्या वेळी उमटला.

मग दोन पाट मांडले. एकावर आई, समोर लेक. म्हाताऱ्यांनी तीनदा विचारायचं आणि आईने तीनदा सांगायचं. "दिली?" "दिली." "दिली?" "दिली." तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा चिंगीने आईच्या चोळीच्या गाठीला हात घातला, तिच्या भुकेची वेळ झाली होती. सुंद्राक्कांनी ती इवली बोटं एक एक करून सोडवली. कमळने ओटी पसरली होती, पण ती बघत नव्हती. डोळे घट्ट मिटून बसली होती. "दिली," सुंद्राक्का म्हणाल्या आणि उठून आत गेल्या.

त्याच संध्याकाळी सौ.ने मला पिंपरीच्या बाजारात पिटाळलं. मोगरा आणायचा, गजरा नको, सुटी फुलं, चांगली पावशेर. माझी बायको एवढी हौशी कधी झाली, असं मनाशी म्हणत मी आणली. वर विचारलंही, "आज काय विशेष?" ती फुलं घेऊन समोरच्या घरात गेली आणि दार लावून घेतलं. पाजणाऱ्या बाईचं दूध आटवायला छातीवर मोगरा बांधतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. आठ दिवस मी मोगरा आणत होतो.

वर्षभर सुंद्राक्का तळवड्याला गेल्या नाहीत. म्हटल्याप्रमाणे वागल्या. दूध घालायच्या, शेणी थापायच्या, भोंगा वाजला की क्षणभर हात थांबायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा. वर्षाने कमळ मुलीला घेऊन आली. मुलीचं नाव आता वैशाली होतं. अंगावर झालरीचा झगा, डोळ्यांत काजळ. कमळने शिकवल्याप्रमाणे ती ओट्यापाशी उभी राहून म्हणाली, "आजी."

"ओ," सुंद्राक्का म्हणाल्या. आवाज अगदी रोजचा होता.

तेवढं निभावलं असतं. पण त्यानंतर दोन वर्षांनी कमळला दिवस गेले आणि मुलगा झाला. ओळीतल्या दहा घरांत सुंद्राक्कांनी स्वतः साखर वाटली. तीन महिने कमळ माहेरी होती, तिला न्हाऊमाखू घालताना, शेक देताना सुंद्राक्का गात होत्या. पाच वर्षांची वैशाली त्यांच्या मागे मागे फिरायची. निघायच्या दिवशी टांगा दाराशी आला तेव्हा त्या थट्टेच्या सुरात म्हणाल्या, "कमळे, तुला आता दोन दोन झाली. ह्यी थोरली ऱ्हाऊ दे की माज्यापाशी चार-सा म्हयनं."

कमळने मुलाला काखेत मारलं आणि दुसऱ्या हाताने वैशालीला आपल्या अंगाशी असं ओढलं की पोर कळवळली. "आई, तिच्या पायगुनानं ह्यो आलाय. ती माजी हाय. तिला मागू नगंस." आणि मग रडत म्हणाली, "माज्याबिगर झोपत न्हाई गं ती."

कमळचंही खोटं नव्हतं. म्हणून तर कुणावर रागावताही येत नव्हतं.

दोन दिवसांनी दूध घालायला येताना सुंद्राक्का तो कागद घेऊन माझ्याकडे आल्या. ट्रंकेत जपून ठेवलेला, चार घड्यांचा. सौ. नळावर गेली होती.

"सायेब, ह्ये जरा वाचून दावा. तवा माजं ध्यान नव्हतं."

मी वाचला. शेवटच्या ओळीपाशी थांबलो. पण त्यांचं बोट कागदावर तिथेच होतं, कारण ती ओळ मोठ्या अक्षरात होती आणि तिच्याखाली रेघ होती. "आन् ह्ये काय?" मी तेही वाचलं.

"ह्ये कुनी सांगितल्यालं?"

आता माझ्यापुढे दोन वाटा होत्या. "मी, माझ्या मनाने, जागा उरली म्हणून," असं म्हणायचं. किंवा मी जे म्हणालो ते म्हणायचं.

"तसा नियमच असतो, आक्का. अशा कागदात घालावंच लागतं."

त्या कागदाकडे पुष्कळ वेळ बघत राहिल्या. वाचता येत नसलेलं माणूस कागदाकडे बघतं तेव्हा त्याला नेमकं काय दिसतं कोण जाणे. "न्येमच हाय व्हय," त्या म्हणाल्या. "मंग बरं. मला वाटलं, कुनीतरी मुद्दाम लिवलंया." त्यांनी घड्या घातल्या. "सरकारचाच न्येम आसल तर मानसानं काय बोलायचं." आणि जाताना मापाने थोडं दूध ओतून गेल्या. मीनलचं म्हणून.

सौ.ला मी हे रात्री जेवताना सांगितलं. ती ताटावरून उठली. त्यानंतर बरेच दिवस आमच्या घरात मला वाढलं जाई, पण विचारलं जात नसे.

पुढे आम्ही निगडीला प्राधिकरणात घर बांधलं आणि कासारवाडी सुटली. दूध पिशवीतून यायला लागलं. सुंद्राक्कांची खबर कधीमधी कंपनीत धोंडिबाअण्णांकडून कळायची, ते निवृत्त झाल्यावर तीही बंद झाली. ऐंशी साल उलटून गेल्यावर कधीतरी जुन्या शेजाऱ्यांकडून कळलं की कमळच्या मुलीला टायफॉइड होऊन चिंचवडच्या इस्पितळात ठेवलंय. सौ.ने पेज केली, डबा भरला आणि आम्ही चारच्या सुमाराला पोचलो.

वॉर्डाबाहेरच्या बाकावर कमळ बसली होती आणि तिच्या शेजारी सुंद्राक्का. पन्नाशी नुकतीच ओलांडलेली, पण सत्तरीच्या दिसत होत्या. आत एका वेळी एकालाच सोडत, त्याचा एक पुठ्ठ्याचा पास होता, तो कमळच्या हातात होता. आम्ही टेकतोय तोवर वॉर्डाच्या दारातून नर्सने हाक दिली, "वैशालीची आई कोण? एकटीनेच या."

दोघी उभ्या राहिल्या.

सुंद्राक्कांच्या ते ताबडतोब लक्षात आलं. उठल्याचं निमित्त काहीतरी हवं म्हणून त्यांनी पदर झटकला, लुगड्याचा काष्टा चाचपला आणि पुन्हा बसायला लागल्या. कमळने त्यांच्या खांद्याला हात लावून थांबवलं आणि पास त्यांच्या मुठीत ठेवला.

"आई, तू जा."

"आगं पन नर्सबायनं ईचारलं तर?"

"काय ईचारंल? आई कोन म्हनून बोलवलं न्हवं? जा."

सुंद्राक्कांनी चपला बाहेर काढल्या. इस्पितळात कुणी काढत नाही. नर्स डबा आत घेईल म्हणून सौ. त्यांच्या मागे दारापर्यंत गेली आणि तिथेच उभी राहिली. मी आणि कमळ बाकावर बसलो. बोलण्यासारखं पुष्कळ होतं आणि मी, आयुष्यात प्रथमच, गप्प बसलो. कमळ हातांच्या बोटांत बोटं अडकवून दाराकडे बघत होती.

दहा मिनिटांनी सुंद्राक्का बाहेर आल्या. पास पदराने पुसून त्यांनी कमळच्या हातात दिला. "ताप उतारलाय. झोपलीया गप," म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "मीनल कितवीला? आन् निगडीला पानी येतं का येळच्या येळी?" मी येतं म्हणालो. "कुनाचं वावर व्हतं त्ये, तुमी बांधलं तिथं?" ते मला माहीत नव्हतं. त्यांना ते पटलं नाही. बाकाच्या टोकाला जाऊन बसल्या, चपला समोर जोडीने ठेवल्या, आणि वॉर्डाच्या बंद दाराकडे बघत राहिल्या. आम्ही त्यांना बघितलं ते शेवटचं. पुढच्या उन्हाळ्यात त्या गेल्या, ते आम्हाला महिन्याने कळलं.

परतीच्या बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. आकुर्डी मागे पडली. मी आपलं म्हटलं, कमळने आज मोठं मन दाखवलं.

"ताप उतरलाय म्हणाल्या ना आक्का," सौ. बाहेर बघत म्हणाली, "ते नर्सने सांगितलं म्हणून. त्यांनी पोरीला हात लावलाच नाही. मी दारातच होते. दहा मिनिटं खाटेच्या पायथ्याशी उभ्या होत्या, हात पुढे करायच्या आणि मागे घ्यायच्या. जागी झाली असती तर आजी म्हणून हाक मारली असती ना तिने."